फोटोच्या मागची नावं

"ही कोण?" प्रमिलाताईंनी विचारलं.

त्यांचं बोट पान एकाहत्तरवर होतं. मी खुशीत होते, त्यामुळे त्यांच्या आवाजातला बदल माझ्या लक्षातच आला नाही. वाटलं, चष्म्यातून नीट दिसत नसेल.

"गोदी," मी म्हणाले. "अण्णांना पत्र नेऊन देते ना, तो प्रसंग."

"ते कळलं गं. पण हा चेहरा कुणाचा?"

आता आली का पंचाईत! गोदी म्हणजे कोण, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणायचं कसं, या विचारानं पुण्याहून सांगलीपर्यंतच्या बसमध्ये माझा डोळा लागला नव्हता. शेवटी धीर करून म्हणाले, "तुमचा. तुम्ही दिलेल्या फोटोवरूनच काढलाय."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि पुस्तकाची ती कच्ची प्रत उचलून खिडकीशी नेली. बराच वेळ त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला. मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले, तरी त्या तिथंच.

"कुणी सांगितलं तुला?" त्यांनी न वळताच विचारलं.

"काय?"

"खरं सांग. श्रीरंग काही बोलला? की कुमुनं कुठं लिहून ठेवलंय?"

मला यातलं एक अक्षरही कळलं नाही.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. श्रीरंगराव गेल्या मार्गशीर्षात गेले, म्हणून आता ती सांगायला हरकत नाही. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. शाळेच्या पुस्तकांत बेडकाची पचनसंस्था आणि पवनचक्क्या काढून पोट भरत होते, आणि आपण फार मोठ्या चित्रकार आहोत असं मनातून समजत होते. त्या सुमारास पुण्यातल्या एका प्रकाशकाला जुन्या कौटुंबिक कादंबऱ्या चित्ररूपात काढायचं वेड लागलं. मुलं वाचत नाहीत, निदान बघतील तरी, असा हिशेब. पहिलं पुस्तक ठरलं कुमुदिनी खांबेट्यांचं 'शेवंतीचा वाफा', आणि ते काम माझ्याकडे आलं. मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं. ते कसं दिसेल हे मी वहीच्या मागच्या पानावर सहा तऱ्हांनी लिहून पाहिलं होतं.

ज्यांनी ती कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मिरजेतलं एक घर. आई नाही, वडील अण्णा मास्तर, आणि चार बहिणी. थोरली अक्का अठरा वर्षांची, धाकट्यांची आईच झालेली. गोष्ट सांगणारी 'मी' दुसरी, तिसरी गोदी, आणि शेंडेफळ बेबी. अक्काला दवाखान्यातल्या एका कंपाउंडरचं पत्र येतं. अक्कानं आपल्याला हिरव्या बांगड्या दिल्या नाहीत म्हणून रुसलेली गोदी ते पत्र उचलून अण्णांना देते. पंधरा दिवसांत अक्काचं लग्न हुबळीकडच्या एका बिजवराशी लावलं जातं आणि दीड वर्षानं बाळंतपणात अक्का जाते. मागं राहिलेल्या तिघी तिनं लावलेल्या शेवंतीला पाणी घालत मोठ्या होतात. वाचताना मी शाळेत असतानाही रडले होते, आणि काढतानाही रडले. गोदीचा मला दोन्ही वेळा राग आला.

नावं बदललेली असली तरी घर खरं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. 'मी' म्हणजे कुमुदिनीबाई. गोदी म्हणजे त्यांच्या पाठची प्रमिला, दोघींत जेमतेम दीड वर्षाचं अंतर. अक्का, बेबी, कुमुदिनीबाई सगळ्या गेल्या होत्या. एकट्या प्रमिलाताई सांगलीला विश्रामबागेत दोन खोल्यांत राहत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हक्क सगळे कुमुदिनीबाईंच्या मुलाकडे, श्रीरंगरावांकडे होते. त्यांनी मला प्रकाशकाच्या कचेरीत पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "आईच्या शब्दाला धक्का लावायचा नाही. आणि सांगलीच्या मावशीला यात आणायची गरज नाही."

गरज होती. लिहिणाऱ्याला 'अक्का दारात उभी होती' एवढं म्हटलं की सुटता येतं. चित्र काढणाऱ्याला दार काढावं लागतं, उंबरा काढावा लागतो, आणि मुख्य म्हणजे अक्काला नाकडोळे द्यावे लागतात. म्हणून मी श्रीरंगरावांना न सांगता सांगलीला गेले. प्रमिलाताईंनी घराचा नकाशा काढून दिला, विहीर कुठं, चूल कुठं, अण्णांची खुर्ची कुठं ते सांगितलं आणि जाताना पाकिटात घालून एक फोटो दिला. अक्का खुर्चीत, मांडीवर बेबी, आणि दोन बाजूंना परकर-पोलक्यातल्या दोघी, एकसारख्या उंचीच्या. मागं पेन्सिलीनं नावं लिहिली होती.

"सगळ्यांना काढ," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. "मलाही काढ. लपवू नकोस."

मी कुठली लपवणार! सात महिने खपून दीडशे पानं काढली. गोदीचा चेहरा तर मला फारच साधला होता. फोटोतल्या त्या मुलीच्या हनुवटीला खोल खळी होती. त्या खळीमुळे चेहऱ्याला एक हट्टीपणा यायचा, आणि पत्र देतानाच्या चौकटीत मी खालून प्रकाश टाकून ती खळी आणखी गडद केली होती. माझ्या मते पुस्तकातलं ते सर्वांत चांगलं चित्र होतं. छपाईला जायच्या आधी त्यांना दाखवावं म्हणून आले, असं मी त्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती.

प्रमिलाताई खिडकीशी होत्या त्या वळल्या. "तो फोटो आणलायस?"

परत द्यायला म्हणून आणला होताच. मी तो पाकिटातून काढून टेबलावर ठेवला.

"यात मी कुठली?"

"ही. डावीकडची. मागं लिहिलंय ना." मी फोटो उलटा केला. डावीकडे 'प्रमिला', उजवीकडे 'कुमुदिनी', मधे 'सरस्वती' आणि खाली 'बेबी'.

त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला आणि तसाच उलटा खिडकीच्या उजेडात धरला. "इकडं ये. बघ. अण्णांची ही तऱ्हा. फोटो असा उजेडापुढं धरायचे आणि ज्याच्या डोक्यामागं त्याचं नाव लिहायचे. 'प्रमिला' कुणाच्या मागं येतंय?"

कागदातून चेहरे अंधूक दिसत होते. 'प्रमिला' होतं ते समोरून बघताना उजवीकडे येणाऱ्या मुलीच्या मागं.

शाळेतलं पोरही करणार नाही अशी चूक मी केली होती. मागची नावं मी सरळ समोरून वाचल्यासारखी वाचली होती. सात महिने, दीडशे पानं, गोदीला कुमुदिनीबाईंचा चेहरा आणि 'मी'ला प्रमिलाताईंचा. समोर प्रमिलाताई जिवंत बसल्या होत्या, श्रीरंगरावांना मी तीनदा भेटले होते. चेहरे वाचणं हा माझा धंदा, पण डोक्यात एकदा नाव चिकटलं की डोळ्यांना काही काम उरत नाही.

"श्रीरंगची हनुवटी बघितली नाहीस होय?" त्या म्हणाल्या.

"चुकलं हो माझं," मी म्हणाले. मला रडूच येत होतं. "मी बदलते. सगळी पानं बदलते. कुमुदिनीबाईंना मी असं… त्यांचा काय दोष! केवढी मोठी चूक."

प्रमिलाताई खुर्चीत बसल्या. आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, तरी हसणं थांबेना. मी पाणी आणून दिलं.

"चूक," त्या म्हणाल्या. "पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर काढलं, आणि म्हणतेय चूक."

त्यांनी रिकामा पेला माझ्या हातात परत दिला.

"मला गोवर आला होता. बेबीला लागू नये म्हणून मला मामाकडं जयसिंगपूरला नेऊन ठेवलं होतं. तीन आठवडे. मी घरात नव्हतेच गं. परत आले तेव्हा दारात मांडव घातलेला. अक्काला विचारलं, तर ती म्हणाली, कुमुला रागावू नकोस."

"मग पत्र…"

"कुमुनं दिलं. बारा वर्षांची होती. तिनं वाचलं, त्यात पळून जायचं काहीतरी होतं. तिला वाटलं अक्का आपल्याला टाकून जाणार. आई गेली तेव्हा तीच सगळ्यात जास्त घाबरली होती. बांगड्या-बिंगड्या काही नाही. बांगड्या तिनं नंतर घातल्या, पुस्तकात."

"आणि तुमच्यावर ढकललं?"

"ढकललं असं म्हणू नकोस." त्या एकदम बाई झाल्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेला तो आवाज होता. "लिहून झाल्यावर वही घेऊन माझ्याकडं आली. म्हणाली, 'पमे, माझ्या हातून माझं नाव लिहवत नाही. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. तुझं घालू का?' मी म्हटलं, घाल. आता वाटतं तेवढं कठीण नव्हतं ते. अक्का जाऊन पंधरा वर्षं झाली होती, घरात तिचं कुणी नाव काढत नव्हतं. कुमुनं लिहिलं म्हणून ती परत आली. आज कुठल्या कुठल्या गावची बाई मला सांगते, अक्का वाचताना मी रडले. ते फुकट कसं मिळेल?"

"पण लोक तुम्हाला…"

"पाचवीला धडा होता, 'पत्र'. अकरा वर्षं मीच शिकवला. मुली म्हणायच्या, बाई, गोदी किती दुष्ट! मी म्हणायचे, होय. पुढं वाचा."

हे सांगताना त्या हसल्या, पण या वेळी डोळे कोरडे होते. मला भयंकर राग आला. कुमुदिनीबाईंचा, त्या पुस्तकाचा, शाळेत गोदीवर दातओठ खाणाऱ्या माझा स्वतःचा.

"मग राहू दे असंच," मी म्हणाले. "कुणाला कळणार आहे? नाव गोदीचंच आहे, शब्द सगळे त्यांचेच आहेत. चेहरा तेवढा खरा. चुकून का होईना."

"श्रीरंगला कळेल. त्याच्या दिवाणखान्यात कुमुचा शाळेतला फोटो आहे, बक्षीस घेतानाचा. रोज उठून त्याला हार घालतो तो."

"कळू दे की! ते तुमच्याशी कसे वागतात? कोल्हापूरला जाताना वाटेत थांबले तर पाणीसुद्धा उभ्यानं पिऊन जातात, तुम्हीच सांगितलंत मला."

"मग? त्याची मावशी वाईट आहे, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्यानं जगायचं काही अडलं नाही. आई वाईट होती, हे साठीला आलेल्या माणसाला मी सांगू? आणि वाईट नव्हतीच ती. घाबरलेली होती." त्यांनी प्रत माझ्यापुढं सरकवली. "तू मला विचारायला आलीस की दाखवायला?"

"दाखवायला," मी खालच्या मानेनं म्हणाले.

"मग आता विचार."

"काय करू?"

"बदल. माझा चेहरा घाल."

तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. प्रमिलाताईंच्या इच्छेला मान दिला, असं मी पुढं कितीदा मनाला समजावलं. पण त्या क्षणी माझ्या मनात दुसरंही काही होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. श्रीरंगरावांनी तो चेहरा ओळखला असता तर पुस्तक थांबलं असतं, आणि माझं नाव वहीच्या मागच्या पानावरच राहिलं असतं. मी हो म्हणाले, आणि जरा लवकरच म्हणाले.

"फोटोत नीट दिसत नाही मी," त्या म्हणाल्या. "वही आणलीयस ना? बघून काढ."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी? मी काय पुण्याला येऊन बसणार आहे?"

त्या उठून दारापाशी उभ्या राहिल्या. टेबलावरचं वर्तमानपत्र घेऊन त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि पत्रासारखं हातात धरलं. मग हात पुढं केला. समोर अण्णांची खुर्ची आहे असं समजून मान किंचित खाली घातली आणि डोळे तेवढे वर केले. ब्याऐंशी वर्षांची बाई, निळ्या काठाचं घरातलं लुगडं, आणि चेहऱ्यावर एका बारा वर्षांच्या मुलीची भीती. अशी भीती मला सात महिन्यांत साधली नव्हती. मी काढला होता तो राग होता, हट्ट होता.

"हात दुखत असेल तर खाली घ्या," मी म्हणाले.

"काढ गं तू."

दहा मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. नंतर खुर्चीत टेकल्यावर मी विचारलं, हे तुम्हाला कसं जमलं? त्या म्हणाल्या, "कुमु वही घेऊन आली होती ना, तेव्हा अशीच उभी होती."

घरी येऊन मी एकशे चौदा चौकटी बदलल्या. पांढऱ्या रंगानं जुने चेहरे झाकायचे, वाळू द्यायचे, वर नवे काढायचे. तीन आठवडे लागले. प्रकाशक वैतागला. त्याला मी सांगितलं की संदर्भात चूक झाली होती, आणि तो म्हणाला की बाई, इतकं बारीक कोण बघतंय.

प्रकाशनाला श्रीरंगराव स्वतः गाडी करून मावशीला घेऊन आले. लोकांना जुन्या कादंबरीतलं एक जिवंत माणूस बघायचं होतं, तेव्हा आणणं भाग होतं. गाडीतून उतरताना त्यांनी प्रमिलाताईंना हात दिला नाही, ड्रायव्हरनं दिला. मी बघत होते.

कार्यक्रम झाला, भाषणं झाली. बाहेर टेबलावर मी सह्या करायला बसले, माझ्या शेजारी प्रमिलाताई, आणि मागं श्रीरंगराव उभे. रांगेत पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्यांनी पुस्तक उघडून पान एकाहत्तर माझ्यापुढं केलं आणि सही तिथंच करा म्हणाल्या. मग त्यांनी त्या पानाकडे बघितलं, प्रमिलाताईंकडे बघितलं, परत पानाकडे.

"अगंबाई! डोळे अगदी तेच की हो. गोदी म्हणजे तुम्हीच ना?"

"होय," प्रमिलाताई म्हणाल्या.

"मी शिक्षिका आहे. हा धडा आता पुस्तकात नाही, तरी मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. मुलं दरवर्षी एकच विचारतात. राग मानू नका हं. का सांगितलंत हो तुम्ही?"

रांगेतली चार माणसं पुढं सरकली. श्रीरंगरावांचा चेहरा ताठ झाला, "बाई, हे आत्ता…" असं काहीतरी ते म्हणू लागले. प्रमिलाताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मुलांना सांगा, बांगड्यांमुळं नाही," त्या म्हणाल्या. "ते पुस्तकात आहे तेवढं खोटं आहे. भीतीमुळं. आई नव्हती. अक्कापण आपल्याला टाकून जाणार असं वाटलं. अण्णा तिला थांबवतील, एवढंच मनात होतं. पुढं असं होईल हे काय माहीत? बारा वर्षांच्या पोरीला काय माहीत असतं? नंतर जन्मभर झोप लागली नाही हो. जन्मभर."

त्या बाईंनी डोळे पुसले आणि वाकून नमस्कार केला. मी सही केली. ती कशी केली ते मला आठवत नाही.

श्रीरंगराव पुढं आले. गुडघे धरत प्रमिलाताईंच्या खुर्चीशी खाली बसले. साठीचा, भारदस्त माणूस, हनुवटीला खोल खळी.

"मावशी," ते म्हणाले, "हे तू कधी बोलली नाहीस. मी उगाच इतकी वर्षं… निदान आईला तरी सांगायचंस. तिला किती बरं वाटलं असतं."

"तिला ठाऊक होतं रे," प्रमिलाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

श्रीरंगरावांनी तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. प्रमिलाताईंनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातलं पेन खाली पडलं होतं. ते शोधायला मी टेबलाखाली वाकले आणि सापडलं तरी बराच वेळ वर आले नाही.